घरीच होते मी

ठमे बाळा,

मी रुसलेली नाही, हे आधी लिहिते. "आजी, तू मॅचला आलीस की आम्ही हरतो, तुझा पायगुणच वाईट," असं तू म्हणालीस तेव्हा मी हसलेच. अर्धा हंगाम सरला, तुमची टीम खालून पहिली, असंच चाललं तर खालच्या गटात ढकलणार. मग नाचता येईना, आजी वाकडी!

पण काल राहवलं नाही गं. शेजारणीचा गॉगल लावला, तिच्या नवऱ्याची टोपी घातली आणि मैदानाच्या अगदी वरच्या पायरीवर जाऊन बसले. गुडघा कुरकुरत होता, त्याला म्हटलं, गप बस मेल्या. ती ताडमाड पोरगी आडवी आली तरी तू डावीकडून निसटलीस आणि गोल मारलास, तेव्हा तोंडात रुमाल कोंबला म्हणून निभावलं. तरी शेजारच्या माणसाने विचारलंच, "आजी, पोरगी तुमची का?" म्हटलं, "छे! मी उन्हाला बसलेय."

संध्याकाळी तुझा फोन आला. "बघ आजी, तू आली नाहीस म्हणून पहिल्यांदा जिंकलो!"

"हो गं बाई, घरीच होते, लसूण सोलत."

आता हे पत्र धाडू कसं? राहू दे डब्यात. तुम्ही वर आलात की हातात देईन. आणि येणारच तुम्ही वर! रविवारच्या मॅचसाठी टोपी मी आत्ताच मागून ठेवलीय.

तुझी,
पांढऱ्या पायाची आजी