बाबांच्या टँगोचा तिसरा तुकडा

ब्यूनोस आयरेस, कार्निवलचा सोमवार

आई, आधी माझा मुका घे, मग वाच.

मी बरा आहे. बोटं जरा सुजलीत, पण बँडोनिऑनचा भाता ओढून पेटी वाजवता येते. तुझा गुडघा काय म्हणतोय?

काल दुपारी क्लबात माझा ताफा आणि ओविदिओचा ताफा समोरासमोर होते. बाबांनी रचलेला टँगो ते गेल्यावर स्वतःच्या नावावर छापणारा तोच हा चोर. त्याने तो दोन तुकड्यांतच वाजवला. त्याच्या हाती कागदच तेवढे लागले होते.

मग मी वाजवला. तू भांडी घासताना गुणगुणतेस तो तिसरा तुकडाही सुरू केला आणि अर्ध्यावर थांबलो. नाचणारे अडखळले.

मी म्हणालो, "उरलेलं ज्यांनी रचलंय, तेच वाजवतील. ओविदिओसाहेब, होऊन जाऊ द्या!"

अख्खा क्लब त्याच्याकडे वळला. मेल्याची बोटं हलेनात. लोकांनी शिट्ट्यांनी हाकलला.

आता तो तिसरा तुकडा मिळवायला रविवारी तुझ्या दारात येईल बघ. त्याला बसव, येर्बाचा चहा गार करून पाज. आपल्यात गार येर्बा नकोशा पाहुण्यालाच देतात, ते त्याला ठाऊक आहे.

आणि आई, तो जाईपर्यंत भांडी घासू नकोस.

तुझाच हट्टी,
एलादिओ