डावीकडे वळताना येणारा आवाज

शारजा, इस्पितळातील पुरुषांच्या बसण्याची खोली
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार, सन २००१

तीर्थस्वरूप दामोदरशास्त्री यांच्या चरणी नरहराचा साष्टांग नमस्कार. वहिनींना नमस्कार सांगावा. आपला दमा या थंडीत आवरता असेल आणि पहाटे विहिरीच्या गार पाण्याने स्नान करण्याचा आग्रह आपण सोडला असेल, अशी आशा करतो (सोडलेला नसणार, असे आमच्या सौ.चे, म्हणजे आपल्या भगिनींचे, ठाम मत आहे). इकडचे क्षेमकुशल लिहावे, तर या घटकेला मला ते ठाऊक नाही. स्नुषा चि. समिधा आत प्रसूतिकक्षात आहे, आपल्या भगिनी तिच्यापाशी आहेत, आणि मी बाहेर एका गुळगुळीत बाकावर बसून, परिचारिकेने कीव येऊन दिलेल्या कागदांवर हे लिहीत आहे. आणायला थोडा उशीर झाला, एवढेच ती मघाशी म्हणाली. थोडा म्हणजे किती, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही, कारण तो उशीर माझ्यामुळे झाला आहे. काय घडले ते आपणांस सविस्तर कळवतो. हात चालत राहिला तर मन थोडे कमी धावते.

चि. धनंजय समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर कामाला आहे, हे आपण जाणताच. तो तिकडे जाताना मला एकच काम सांगून गेला होता. "बाबा, गाडी वळताना टकटक करते. फेलिक्सला दाखवून घ्या. ऐनवेळी समिधाला त्याच गाडीने न्यायचंय." फेलिक्स म्हणजे आमचे शेजारी, वसईचे ख्रिस्ती गृहस्थ, एका हॉटेलात मोठ्या हुद्द्यावर आहेत. ऐनवेळी गाडी चालवण्याचे त्यांनीच कबूल केले होते. त्यांनी गाडी पाहून सांगितले, की दुखणे एक्सलचे असावे. यंत्रापासून पुढच्या दोन्ही चाकांपर्यंत एकेक दांडा जातो, त्याच्या टोकाला सांधा असतो, सांध्यावर रबराची टोपी असते. टोपी फाटली की आतले वंगण उडून जाते, इथली वाळू आत शिरते आणि सांधा झिजून वळताना वाजू लागतो. एक्सल हा शब्द कानी पडताच मला फार धीर आला. तो तर आपलाच अक्ष. रथाचा कणा तो अक्ष, डोळा तो अक्ष, द्यूतातला फासाही अक्षच. शब्द आपला आहे म्हणजे विषयही आपलाच आहे, असे मला वाटले, आणि पुढचे सर्व त्यातून उद्भवले.

आता इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर माझी भीती आपणांस कळणार नाही. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने जातात, म्हणून चौकातल्या गोलाला वळसा घालताना तो गोल आपल्या उजव्या हाताला राहतो, म्हणजे देवळात जशी प्रदक्षिणा घालतो तसा. या देशात वाहने उजव्या बाजूने जातात, त्यामुळे प्रत्येक चौकात गोल डाव्या हाताला येतो. सबंध शारजा, शास्त्रीबुवा, सकाळपासून रात्रीपर्यंत उलटी प्रदक्षिणा घालत असते (आणि घाईने घालते). अप्रदक्षिण फिरणे आपण कोणत्या प्रसंगी करतो, ते आपणांस मी सांगायला नको. घरात गर्भवती, आणि तिची गाडी दिवसातून दहा चौकांत तशी फिरते, या विचाराने माझा जप चुकू लागला होता. त्यात तो टकटक आवाज चौकातच येत असे. मी त्यातून काय अर्थ काढला असेल, हे आपण ओळखलेच असेल.

परीक्षा घ्यायला फेलिक्स मला इमारतीमागच्या मोकळ्या वाळूच्या मैदानावर घेऊन गेले. हातातले चक्र पुरते पिळून गाडी लहानशा गोलात फिरवायची, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, आणि कान देऊन ऐकायचे, अशी त्यांची रीत. ते डावीकडे वळवू लागताच मी त्यांचा हात धरला. ज्या गाडीतून बाळ प्रथम घरी यायचे, तिला मुद्दाम उलटी फेरी घालायची नाही, असे मी सांगितले. "काका, फक्त टेस्ट आहे," ते म्हणाले. मी त्यांना चितेभोवतीच्या उलट्या फेरीचा प्रसंग समजावून सांगितला. त्यांनी स्वतःवर क्रूसाची खूण केली आणि गाडी उजवीकडे वळवली. गोलावर गोल झाले, आवाज म्हणून नाही. "आता लेफ्ट करून बघू या ना," असे त्यांनी पुन्हा सुचवले, पण माझा निर्णय झाला होता. दोष गाडीत नाही, दिशेत आहे. गाडी प्रदक्षिणेने फिरली की गप्प बसते, याहून स्पष्ट प्रमाण कोणते हवे. समिधेलाही मी हेच सांगितले. ती म्हणाली, "बाबा, मग तुम्ही इथला ट्रॅफिक उलटा करून घ्या." तिचा स्वभाव विनोदी आहे (आज दुपारपर्यंत होता).

आज दुपारी जेवणानंतर तिला कळा सुरू झाल्या. गुरुवार म्हणजे इथे सुट्टीची सुरुवात, सगळे रस्ते भरलेले. फेलिक्स गाडी चालवायला, मी त्यांच्या शेजारी, मागे दोघी. निघताच मी विनंती केली, की चौक टाळावेत आणि जिथे वळायचे तिथे उजवीकडेच वळावे. फेलिक्स म्हणाले, की इस्पितळ डावीकडे आहे. मी म्हणालो, तीनदा उजवीकडे वळले की तेच होते. भूमितीच्या दृष्टीने यात चूक नव्हती. परंतु इथल्या गल्ल्या भूमितीने बांधलेल्या नाहीत. तिसऱ्या वळणावर रस्ता बंद निघे, म्हणून चौथे वळण घ्यावे लागे, आणि उजवीकडे चार वळणे घेतलेला मनुष्य निघाला तिथेच पोहोचतो. एका शवर्माच्या दुकानासमोरून आम्ही जात राहिलो (मांसाचा तो उभा गोळाही डावीकडूनच फिरत होता. मी दृष्टी वळवली). समिधा दात आवळून म्हणाली, "बाबा, हे दुकान परत आलं." आपल्या भगिनी म्हणाल्या, "येऊ दे. आणखी एकदा आलं की इथेच बारसं उरकू, गर्दी जमलेलीच आहे." मी म्हणालो, आता पुढची गल्ली नक्की निघेल. त्या म्हणाल्या, "तुम्ही पोथी उघडा, फेलिक्सला रस्ता बघू दे." फेलिक्स घाम पुसत होते. मी वळून पाहिले. समिधेचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि तिने माझ्या आसनाची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. ती सावकाश म्हणाली, "फेलिक्स, लेफ्ट घ्या."

फेलिक्सनी लेफ्ट घेतला. मोठ्या चौकात शिरलो, गोल डाव्या हाताला आला, आणि तो आवाज सुरू झाला. टक, टक, टक, मग सुपारी कातरावी तसा, मग एक मोठा कडाका. यंत्र गर्जत होते, काटा वेग दाखवत होता आणि गाडी जागची हलत नव्हती. चोहोबाजूंनी भोंगे. फेलिक्सनी उतरून चाकाखाली डोके घातले आणि वंगणाने काळा झालेला हात बाहेर काढला. सांधा निखळला होता, उजव्या चाकाचा. "काका, डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो. हा तेव्हाच वाजणार होता. राइट टर्नला कसा वाजेल?" म्हणजे मी परीक्षा घेतली ती नेमकी ज्या दिशेला तो रुग्ण बोलतच नाही त्या दिशेने घेतली, आणि त्याच्या मौनाला आरोग्य समजलो.

एक टॅक्सी थांबली. चालक खैरुद्दीन, पेशावरचे. त्यांनी स्वतः उतरून समिधेला आधार दिला, आणि तोच चौक तशाच उलट्या दिशेने पार केला. मी डोळे मिटून नामस्मरण करू लागलो, तर ते म्हणाले, "चाचा, आप आँखें खोल के दुआ करो, रस्ता आपको बताना है." आपल्या भगिनी मागून म्हणाल्या, की यांना रस्ता अजिबात विचारू नका. हेच आजच्या दिवसातले मला पूर्ण पटलेले वाक्य.

शास्त्रीबुवा, मी आयुष्यभर दिशा जपल्या. झोपताना डोके कोणीकडे, जेवताना तोंड कोणीकडे, यात चूक होऊ दिली नाही. आत त्या दाराआड काही वेडेवाकडे झाले, तर ती सारी जपणूक कोणासाठी होती, हे मला सांगता येणार नाही. धनंजयला फलाटावर निरोप पोहोचला आहे की नाही, तेही कळलेले नाही. दार उघडते, माणसे येतात, माझे नाव कोणी घेत नाही. आपण देवापुढे निरांजन लावावे, एवढीच विनंती.

आपला आज्ञांकित,
नरहर

ता. क. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. परिचारिकेला त्या उशिराविषयी विचारले, तर म्हणाली, की असे ती सगळ्यांनाच म्हणते. नात रडताना मान उजवीकडे वळवते. मी हे कोणालाही दाखवून दिलेले नाही.

ता. क. दुसरा. वरील मजकूर आपल्या भगिनींनी वाचला. निरांजनाची विनंती ठीक आहे, पण खरी विनंती लिहिली नाही, असे त्या म्हणतात. म्हणून लिहितो. आज शनिवार. गाडीला नवा एक्सल बसला आहे. परंतु समिधेने अट घातली आहे, की बाळ त्या गाडीत बसण्यापूर्वी मैदानावर पुन्हा परीक्षा व्हावी, आधी डावीकडून, पूर्ण गोल, आणि ऐकायला आत मीच बसावे. मी होकार दिला आहे. शंकराच्या सोमसूत्री प्रदक्षिणेत काही अंतर उलट दिशेने चालावेच लागते, हे मला बाकावर बसल्या बसल्या आठवले; परंतु ते काही अंतरच, आणि फेलिक्सना गोल पूर्ण हवा आहे. तरी मंगल प्रसंगी पूर्ण अप्रदक्षिण गमनास कुठे अनुमती आहे का, हे आपण ग्रंथ पाहून कळवावे.

ता. क. तिसरा. परीक्षा उद्या सकाळीच आहे, आणि हे पत्र आपल्या हाती पडेपर्यंत पंधरवडा जाईल, याची मला कल्पना आहे. फोन खालच्या मजल्यावरच आहे, आणि त्यावर आपले उत्तर आजच मिळाले असते. म्हणूनच पत्र लिहिले.