मालकाचा नंबर

५ जानेवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसतं ‘हं, हं’ करते, म्हणून पत्रच लिही हा तुझा हट्ट. घे, बसले लिहायला.

शाळेत शिकवून सुटले की हल्ली मी वाचनालयाच्या तळघरातल्या हॉलमध्ये जाते. थंडीत तो हॉल सगळ्यांसाठी उघडा असतो. मोठाले हीटर, गरम सूप, पाव, चहा. कुणीही यावं, बसावं, जेवावं. का आलात असं कुणी विचारत नाही. कोपऱ्यातलं टेबल माझं. कुणाचा अर्ज भरून दे, कुणाच्या वतीनं फोन कर. आणि हो, सूपही मीच वाढते. मामीला सांग, म्हणजे आठवडाभर हसेल.

पण मामा, परवा जे ऐकलं त्यानं मी हादरले. येणाऱ्यांपैकी निम्मी माणसं एकाच इमारतीतली आहेत. तिथला घरं गरम ठेवणारा बॉयलर थंडी सुरू झाली तेव्हाच बंद पडला, तो आजतागायत बंद. आमच्या निवृत्त नर्सबाई अंगात कोट घालून झोपतात. तिथले शिंपीकाका म्हणत होते की बोटं इतकी आखडतात, सुईत दोरा जात नाही. त्यांचा खोकला ऐकवत नाही. मालक कोण, कुणालाच ठाऊक नाही. एजंट नुसता ‘कळवतो’ म्हणतो. तू घरं घेण्या-विकण्यातला जाणता. अशा माणसाला गाठायचं कसं?

माया आहेच, ती आमच्या सुपासारखी पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी भाची

---

११ जानेवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझ्या मामीनं डोळ्यांना पदर लावला. हसून की रडून, ते कळलं नाही. तुझी आई असती तर तिनं गावभर सांगितलं असतं. आई गेल्यावर तू आमच्याकडे आलीस तेव्हा माझ्या पाठीमागे लपून बोलायचीस, आणि आता लोकांसाठी भांडतेस! छाती फुगली बघ.

त्या मालकाचं ऐकून मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. माणसं आहेत की दगड? ऐक, एजंट लोक सगळं मधल्या मधे दाबतात. त्याचा पिच्छा पुरव, मालकाचा नंबर काढ आणि थेट बोल. सगळ्यांसमोर बोल, म्हणजे त्याला पळवाट राहणार नाही. सोबत वीस ब्लँकेटं पाठवतोय, चांगली जाड आहेत.

स्वतः उपाशी राहून लोकांना वाढत बसू नकोस. पत्राची वाट बघायला लावू नकोस, एवढं मागणं.

तुझा मामा

---

२३ जानेवारी

ती. मामीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मामाला दाखवायचं की नाही, ते तू ठरव.

सोमवारी शिंपीकाकांना दवाखान्यात हलवलं. दोन्ही फुफ्फुसं भरलीत. ते कळल्यावर नर्सबाई एजंटाच्या ऑफिसात जाऊन ठाण मांडून बसल्या आणि मालकाचा नंबर घेऊनच उठल्या. काल दुपारी सगळे माझ्या टेबलाभोवती जमले. त्या एकेक आकडा सांगत होत्या, मी माझ्या मोबाइलवर दाबत होते. शेवटचा आकडा दाबला आणि पडद्यावर आलं, ‘मामा’.

मला वाटलं, माझीच चूक झाली. बंद करायच्या आत कुणीतरी स्पीकर लावला होता, आणि तो त्याच्या नेहमीच्या सुरात म्हणाला की बोल गं ठमे, ब्लँकेटं पोचली का?

मामी, तीच ब्लँकेटं पांघरून माणसं समोर उभी होती.

मी फोन ठेवला. नर्सबाईंनी हळूच विचारलं की ओळखीचे आहेत का. मी म्हटलं, माझा मामा. त्यांनी खांद्यावरचं ब्लँकेट काढलं, नीट घडी घातली आणि माझ्या टेबलावर ठेवलं. मग दुसऱ्यानं. मग तिसऱ्यानं.

मामाचे फोन येताहेत, मी घेत नाही. त्याला माहीत होतं का, एवढंच सांग.

तुझी
ठमी

---

२७ जानेवारी

चि. ठमीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र मी यांच्या ताटाशेजारीच ठेवलं. वाचलं आणि ताट बाजूला सारलं.

विचारलंस म्हणून सांगते. ती इमारत यांनी फोटो बघून घेतली, पाय कधी ठेवला नाही. बॉयलरचं एजंटानं कळवलं होतं. उन्हाळ्यात बघू, तेव्हा कामगार स्वस्त मिळतात, असं हे त्याला म्हणाले आणि विसरले. तुझं पहिलं पत्र वाचताना ती यांना आठवलीसुद्धा नाही. यांचा राग खरा होता गं. त्याचीच मला भीती वाटते. इतकी वर्षं मी कुणाशी संसार केला, असं रात्रभर वाटत राहिलं.

आज पहाटे हे तुझ्याकडे निघालेत. गळपट्टा इथेच खुंटीवर राहिलाय. दाराबाहेर ठेवू नकोस.

मामी

---

४ फेब्रुवारी

ती. मामीस,
सा. न. वि. वि.

मामा आधी घरी न येता थेट हॉलमध्ये आला. मुकाट्यानं रांगेत उभा राहिला. मी डावानं सूप वाढत होते. पाळी आली तेव्हा त्यानं वाडगा पुढे केला नाही. मागे वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की त्या इमारतीचा मालक मी आहे.

वाटलं, आता कुणीतरी अंगावर जाणार. खरं सांगते, गेलं असतं तर मी मधे पडले नसते. नर्सबाई उठल्या, माझ्या हातातून डाव घेतला, वाडगा काठोकाठ भरला आणि म्हणाल्या की आधी बसा, खाऊन घ्या. त्याला आपल्या शेजारी बसवलं. मग एकेक जण समोर येऊन सांगू लागला, कुणाचं बाळ कसं काकडतं, कुणाचे सांधे कसे धरले. संध्याकाळ झाली तरी तो ऐकतच होता. सूप तसंच राहिलं.

नवा बॉयलर परवा बसला. नळाला गरम पाणी आलं तेव्हा चौथ्या मजल्यावरची पोरं किंचाळत होती. शिंपीकाका मात्र अजून कुणाला ओळखत नाहीत. मामा रोज त्यांच्या उशाशी बसतो. डॉक्टर काही सांगत नाहीत.

तो माझ्याकडेच उतरलाय. एका टेबलावर जेवतो, पण बोलणं होत नाही. काल त्यानं विचारलं की मी अजून तुझा मामाच आहे ना. मी म्हटलं, मामाच आहेस, म्हणून तर माझी जीभ उचलत नाही. परका असतास तर केव्हाच बोलून मोकळी झाले असते.

तू ये. आमच्या दोघांत बसायला कुणीतरी हवंय.

तुझी
ठमी