बिनदारांचं घर

४ फेब्रुवारी

सुताराला निरोप धाडला. म्हातारा जाऊन तीन महिने झाले. आता ह्या घराला आतून दारं बसणार!

ही वही नातीने आणून दिली. 'आजी, मनात येईल ते लिही.' म्हटलं, मनातलं लिहिलं तर वही पेट घेईल. तिला वाटलं थट्टा. मी तिसरीपर्यंत शिकलेली, तेही शाळेचा झाडू जास्त हातात. पण नातीला आपलं अक्षर वाचता येत नाही, सुनेला वेळ नाही. म्हणजे माझं मलाच. बरं आहे.

तर दारं. बोटीची नोकरी सोडून ह्याने मला ह्या परक्या देशात आणलं, हे घर घेतलं, आणि सामान दारात तसंच ठेवून आधी आतली सगळी दारं काढली. खोल्यांची, स्वयंपाकघराची, न्हाणीघराचीसुद्धा! मागच्या शेडमध्ये नेऊन रचली. का? 'बंद दार मला सोसत नाही.' झालं. अठ्ठेचाळीस वर्षांत एवढंच उत्तर. न्हाणीघराला पडदा. पाहुणा आत गेला की त्याने खोकत बसायचं. नवी सून आंघोळीला गेली की मोठमोठ्याने पाढे म्हणायची. तेरापर्यंत पाठ झाले बिचारीचे.

आणि थंडी! ह्या देशातली थंडी, आणि घरात वाऱ्याला सगळीकडे मोकळी वाट. मी बोलले नाही असा दिवस गेला नाही. भिंतीशी बोलावं तसं.

९ फेब्रुवारी

सुतार आला. आपल्यातलाच आहे, इथेच जन्मलेला, बोलका. मापं घेतली. 'आजी, चौकटी वाकल्यात. किती वर्षं रिकाम्या उभ्या आहेत?' म्हटलं, मीही तेवढीच वर्षं उभी आहे, माझ्यावरही जरा रंधा फिरव.

शेडमधली जुनी दारं कुजलीत. नवी करायची. आधी माझ्या झोपायच्या खोलीचं.

सून म्हणाली, 'आई, बाबांना जाऊन वर्षसुद्धा झालं नाही.' म्हटलं, वर्ष झाल्यावर थंडी कमी वाजेल का?

११ फेब्रुवारी

गुडघे. दुसरं काही नाही.

१५ फेब्रुवारी

कपाट आवरताना दादाचा फोटो सापडला. एकच आहे. हसताना तोंडावर हात धरलाय — पुढचा दात नव्हता. झोपाळ्यावरून मीच ढकललं होतं लहानपणी.

माझा थोरला भाऊ. वडील अंथरुणाला खिळलेले, दादाचं काम सुटलेलं, घर आईच्या आणि माझ्या हातांवर चाललेलं. मी सतरा वर्षांची. लढाई चालू होती, बोटींना माणसं कमी पडत होती. एक दिवस दादा उठला आणि बोटीवर गेला. बॉयलरपाशी कोळसा टाकायचं काम. आगवाला म्हणतात. सहा महिन्यांत बोट बुडाली. आई मरेपर्यंत विचारत राहिली, 'अगं, का गेला असेल गं असा?' मी काय सांगणार.

मग दोन वर्षांनी हा आला, आमचा म्हातारा. त्याच बोटीवरचा, दादाच्या बरोबरीचा आगवाला. कोपरापर्यंत भाजलेले हात. आत ये म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभा. 'तुमचा मुलगा झोपेत गेला. त्याला काही कळलं नाही.' आई तेवढ्या एका वाक्यावर जगली. आठ दिवसांनी परत आला तो मला मागणी घालायला! हुंडा नको, मानपान नको. वडील म्हणाले, देवमाणूस आहे. देवमाणूस! तोंडातून दिवसाला चार शब्द निघायचे नाहीत.

२० फेब्रुवारी

दार बसलं! कडी घातली आणि आत बसले. वारा नाही, सुनेचा टीव्ही नाही. म्हटलं, बायकांना एवढं सुख असतं हे मला कुणी सांगितलंच नाही.

२६ फेब्रुवारी

त्या बुडालेल्या बोटीवरचा आचारी आला होता. म्हातारा गेल्याचं त्याला उशिरा कळलं. ऐंशीला टेकलाय, काठी टेकत दोन बस बदलून आला. लग्नानंतर आम्ही भेटलो ते एकदाच, तेव्हाही मी चहा देण्यापुरती.

बसायच्या आधीच त्याची नजर खोलीकडे गेली. 'वहिनी, त्याच्या घरात दार?'

'मी बसवलं.'

'म्हणजे त्याने तुम्हाला सांगितलं नाही.'

मग त्यानेच सांगितलं. बोटीला तळाशी भोक पडलं. बॉयलरच्या खोलीत पाणी घुसलं. साहेब वरून ओरडला, लोखंडी दार बंद करा, नाहीतर सगळेच जातील. हा नुकताच बाहेर आलेला, सगळ्यात जवळ. त्याने दाराचं चाक फिरवून ते बंद केलं. आत दोघे राहिले होते.

'एकतीस माणसं त्या दारामुळे होडीत उतरली, वहिनी. त्यातला मी. आज माझा पणतू शाळेत जातो.' डोळे पुसले. 'आतून फावड्याने दार वाजवत होते. हा चाक धरून उभा. वाजणं थांबेपर्यंत हलला नाही. मग आम्हीच ओढून वर नेला.'

म्हटलं, दोघे कोण?

'एक वयस्कर होता. दुसरा पोरगेलासा. पुढचा दात नव्हता त्याला, हसताना तोंडावर हात धरायचा.'

मी विचारलं, चहा आणखी घेणार का. घेतो म्हणाला. केला.

२७ फेब्रुवारी

झोपेत गेला म्हणे!

माझ्या भावावर दार लावलं आणि माझ्या बापापुढे येऊन जावई झाला. माझ्या हातचं जेवला. तीन मुलं झाली. त्यातल्या एकाला दादाचं नाव ठेवायचं म्हणून हाच अडून बसला होता, आणि मी खुळी, हरखले होते! मी बायको होते की भरपाई? एकदा तरी सांगायचं होतं रे मेल्या. निदान कुठल्या गोष्टीसाठी तुला शिव्या घालायच्या ते तरी कळलं असतं. मी आपली थंडीवरून भांडत बसले.

सुताराला निरोप दिला — सगळीच दारं बसव. न्हाणीघर, स्वयंपाकघर, सगळी. जाड लाकडाची.

२८ फेब्रुवारी

म्हाताऱ्याचा फोटो भिंतीवरून काढला. सुनेने परत लावला. मी परत काढला.

३ मार्च

आचारी चष्मा विसरला होता, तो न्यायला आला. आज सांगून टाकलं. म्हटलं, तो दात नसलेला माझा सख्खा भाऊ.

त्याच्या हातातली काठी पडली. पण बोलला ते भलतंच. 'म्हणजे ती बहीण तुम्ही!'

कुठली बहीण?

'अहो, जेवायला बसलं की रोज तिची गोष्ट सांगायचा. ताटावर होतो, बहीण म्हणाली, बायकांच्या कमाईवर आणखी किती दिवस गिळणार. तसाच उठलो, हात धुतला आणि बोटीवर चढलो. हसत हसत सांगायचा, वहिनी, राग नव्हता. म्हणायचा, आमच्या बाईच्या जिभेला म्यानच नाही.'

मी विचारलं, आमचा म्हातारा असायचा तेव्हा?

'असायचा म्हणजे? शेजारीच बसायचा. दोघांचं ताट एकच.'

४ मार्च

त्याला ठाऊक होतं, दादा कुणाच्या बोलण्याने गेला ते. उंबऱ्याबाहेर उभा होता तेव्हाही. एवढ्या वर्षांत मी त्याला दारांवरून काय काय बोलले, त्याने ते एक वाक्य माझ्या तोंडावर कधी मारलं नाही.

सुतार नवी दारं घेऊन आला. म्हटलं, परत ने. आणि हे बसवलेलंही काढ.

'अहो आजी, परवाच तर —'

म्हटलं, बिजागऱ्यासुद्धा.