आधी तेलुगू जातं

प्रिय हेरंब,

रोज फोनवर बोलणाऱ्या बायकोचं पत्र हातात पडलं म्हणून घाबरू नकोस. आमच्या बँकेतले व्यंकटेश गारू उद्या नातीच्या अक्षराभ्यासासाठी, तिला देवीपुढे पहिलं अक्षर गिरवायला, बासरला येत आहेत, त्यांच्या हाती देते आहे. त्यांना चहा पाज, आणि ते देवळाकडे गेले की मग वाच. हे फोनवर सांगता येत नाही. आई शेजारीच बसलेल्या असतात, आणि तू ‘बरी आहेस ना?’ म्हणालास की माझ्या तोंडून आपोआप हसूच निघतं.

इकडे कापसाच्या गाड्यांनी मार्केट यार्डाचा रस्ता अडलाय, बँकेत पोचायला रोज उशीर होतो. आई मजेत आहेत. काल त्यांनी अंबाडीची भाजी केली होती. मला चव लागली नाही, पण ‘वा आई!’ म्हणून घेतलं. बघ, सांगायचं बाजूलाच राहिलं आणि मी भाजीत शिरले.

नागपूरचा ध्यानाचा वर्ग आठवतो? डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, तीनदा डिप्रेशन येऊन गेलंय, गोळ्यांबरोबर हेही शिका, म्हणजे ते परत फिरकू लागलं तर वेळीच ओळखाल. आठ रविवार तू मला पहाटेच्या गाडीने नेलंस. एक मनुका किती वेळ चघळायला लावला ते सांगितलं, तर म्हणालास, एवढ्या वेळात अख्खी पंगत उठली असती. मलाही आधी थट्टाच वाटली होती. पण रोज सकाळी डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देत बसू लागले, आणि ‘माझा कुणाला काही उपयोग नाही’ हा नुसता येऊन गेलेला विचार आहे, ते खरं असेलच असं नाही, एवढं उमगायला लागलं. हेरंब, त्याने मला खरंच सावरलं होतं.

पण आईंना ते कसं कळावं? आजारातही मी अशीच बसायचे, गप्प, डोळे मिटून, भिंतीकडे तोंड करून. त्या खांदा हलवायच्या, “काऊन वं, कोनावर रुसून राह्यली?” म्हणायच्या, टीव्ही मोठा करायच्या, शेजारच्या राहीबाईंना बोलावून आणायच्या. दसऱ्यानंतर तर त्यांनी तुलाच फोन लावला, “लवकर ये बा, पोरगी पुन्ना भितीकडं तोंड करून बसून राह्यली.” तू बासरचं हातातलं काम टाकून मिळेल त्या बसने आलास. चपलाही न काढता दारात उभा राहिलास. मी बरी आहे हे कळल्यावर हसलास, पण त्याआधीचा तुझा चेहरा मी पाहिला. तो बघवेना. दुसऱ्या दिवसापासून मी बसणंच सोडलं, आणि तुला सांगितलं नाही. तुम्हा दोघांना धास्ती नको म्हणून उगाच बडबडायला लागले, स्वयंपाकघरात गाणी म्हणायला लागले. आई खूश. “आता कशी मानसात आली!” म्हणत त्यांनी राहीबाईंना पेढे दिले. त्या पेढ्यांचा मला असा राग आला म्हणून सांगू!

वर्गात प्रत्येकाला आपली खूण शोधायला लावली होती, आजार परतताना सगळ्यात आधी काय बिघडतं याची. कुणाची झोप उडते, कुणी आंघोळ टाळतं. मी म्हणाले, माझं आधी तेलुगू जातं, मग हिंदी, मराठी शेवटी. काही जण हसले, बाई हसल्या नाहीत. परवा काउंटरवर एका म्हातारीने पेन्शन आली का विचारलं, आणि ‘उद्या या’ एवढं तेलुगूत सांगायला मला शब्द सापडेना. दिवसभर हेच तर बोलत असते मी! ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, शेवटी व्यंकटेश गारूंनी तिला सांगितलं. आज पुन्हा तसंच झालं. पहाटे फार लवकर जाग येते, आणि मी नसते तर हेरंबची ही ओढाताण सुटली असती, असं मनात येतं. हा विचारच आहे, हे ठाऊक आहे मला. पण आता तो येतो आणि जात नाही. मला भीती वाटते आहे.

म्हणून नेहमीसारखी शनिवारची वाट बघू नकोस. मिळेल त्या गाडीने नीघ आणि मला नागपूरला बाईंकडे ने. डोळे मिटून बसले तर मला हात लावायचा नाही, हे आईंना तूच समजावून सांग, तुझं त्यांना पटेल. मी हसत दार उघडेन, त्या हसण्याला भुलू नकोस. आणखी एक, जे तुला ठाऊक नाही. मागच्या आजारातही मी तुला पत्र लिहायला घेतलं होतं, अर्ध्यावर फाडून टाकलं. त्यात लिहिलं होतं, मला शोधू नकोस. ते पुन्हा लिहायची वेळ माझ्यावर येऊ नये म्हणून हे लिहिते आहे. ये.

तुझीच,
चैत्राली