उभ्या गाडीचे तास

प्रिय दादा,

परवा फोनवर तू विचारलंस की तिकडे घेतलेली गाडीही तेल पितेय, तर जाड तेल घालू का. आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणालास, "माझ्या नशिबी सगळ्या पिणाऱ्याच गं!" मी हसले आणि उत्तर राहून गेलं. ते आता लिहून पाठवतेय. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस. दोन वाक्यं झाली की एक विनोद टाकतोस आणि विषय पळवतोस. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येणार नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी विचारलंस त्याचं उत्तर. जाड तेल घालू नकोस. त्याने तेल पिणं थोडे दिवस कमी झाल्यासारखं वाटेल, पण सकाळी गार इंजिन सुरू करताना ते वरच्या भागांपर्यंत लवकर पोचणार नाही आणि झीज वाढेल. कंपनीने सांगितलंय तेच तेल घाल. तेल बघायचं ते सकाळी, गाडी सपाट जागी असताना, इंजिन सुरू करण्याआधी. पट्टी बाहेर काढ, पुसून कोरडी कर, पुन्हा पूर्ण आत घाल आणि मग बघ. वरच्या खुणेच्या पुढे एक थेंबही नको. तुला पाहुण्याला वाढल्यासारखं "असू दे, घे अजून थोडं" म्हणत ओतायची सवय आहे, ती इंजिनाला चालत नाही. जास्तीचं तेल ते बाहेर फेकतं आणि आपल्याला वाटतं, प्यायलं.

आता तुझी जुनी गाडी, म्हणजे माझी. बदली होऊन जाताना तू किल्ली माझ्या हातात ठेवलीस आणि म्हणालास, किलोमीटर बघ, नवरी आहे नवरी. मी बघितले. खरंच फार कमी होते. पहिल्या दिवशी आत बसले तर माझे हात स्टिअरिंगला पोचेनात. सीटची पाठ इतकी मागे झुकवलेली होती की तशी बसून कुणीच गाडी चालवू शकणार नाही. तू उंच आहेस म्हणून असेल, असं म्हणून मी पाठ सरळ केली आणि विसरून गेले.

मग नवरीने तेल प्यायला सुरुवात केली. मी गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला, सकाळी तो कोरडा. रस्त्यावर मागे धूर नाही. फक्त सिग्नलला बराच वेळ थांबून निघालं की निळसर धुराचा एक फुगा सुटायचा आणि मागचा स्कूटरवाला माझ्याकडे बघून नाक धरायचा. कोपऱ्यावरच्या गॅरेजचे मामा म्हणाले, "ताई, ही गाडी नाही, पिणारा नवरा आहे. बाहेर कळत नाही, घरात बाटल्या संपतात. इंजिन खोलू या, नाहीतर विकून मोकळ्या व्हा." मी म्हटलं, खोलायच्या आधी कारण कळू दे. मामा म्हणाले, नवऱ्याच्या बाबतीत कारण शोधत बसलेल्या बायका फार पाहिल्यात. पण त्यांनी प्लग काढून दिले. चारही काळे आणि तेलकट. दाब मोजला तर सगळीकडे थोडा कमी, पण सारखाच. म्हणजे काही फुटलेलं नव्हतं. पिस्टनच्या रिंगा काजळीने आपापल्या खाचांत चिकटून बसल्या होत्या, त्यामुळे सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल खरवडलं जात नव्हतं आणि ते वर जाऊन जळत होतं.

रिंगा अशा चिकटायला बहुतेक वेळा इंजिन खूप धावलेलं असावं लागतं. हे तर धावलंच नव्हतं. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला वाटलं की तू मीटर मागे फिरवलंस. मग आठवलं, तुला भिंतीवरच्या घड्याळाचे काटे फिरवायलाही माझी मदत लागते.

तुला माहीत आहे, आमच्या चाचणी विभागात इंजिन लोखंडी चौकटीवर बसवून चालवतात. त्याला चाकं नसतात, ते कुठे जात नाही, तरी झिजतं. म्हणून आम्ही इंजिनाचं वय किलोमीटरांत मोजत नाही, तासांत मोजतो. ही गोष्ट मी रोज कामावर बघते आणि गाडीच्या बाबतीत मला ती आठवायला फार दिवस लागले. ऑफिसातलं यंत्र घरी आणून गाडीला जोडलं. तिच्या मेंदूत तासांची नोंद असते. कमी किलोमीटर आणि हे एवढे तास! भागाकार केला तर सरासरी वेग निघाला चालत्या माणसाचा. गाडी बहुतेक आयुष्य एका जागी उभी होती, इंजिन चालू ठेवून. तसं तासन् तास मंद चाललेलं इंजिन पुरेसं तापत नाही, काजळी जळून जात नाही, रिंगा चिकटतात. मला झुकवलेली सीट आठवली. पायाखालची रबरी चटई पाहिली, तर ती पॅडलजवळ शाबूत होती आणि मागे रेलून बसल्यावर टाचा टेकतात तिथे झिजली होती.

मी तेव्हा तुला काही विचारलं नाही. तू कधी सांगितलं नव्हतंस, आणि न सांगितलेल्या गोष्टीला हात लावायचा नाही हा आपल्या घरातला अलिखित करारच आहे. ती गाडी वापरत होतास ती दोन वर्षं कोणती, तेवढं मला कळत होतं. आई गेली, बाबा तुमच्याकडे राहायला आले आणि त्यांचं विसरणं सुरू झालं. मी तेव्हा प्रशिक्षणासाठी लांब होते. तू फोनवर बाबांच्या गमती सांगायचास. चष्मा फ्रिजमध्ये सापडला. वहिनीला त्यांनी "बाई, तुमची बदली कधी झाली?" असं विचारलं. आपण पोट धरून हसायचो. गमती संपल्यावर तू फोन ठेवायचास.

गाडीवर मी इलाज केला. प्लगच्या भोकांतून साफ करायचं औषध सोडून रात्रभर ठेवलं, इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी ब्रीदरची झडप बदलली, तेल बदललं, आणि सुट्टीच्या दिवशी तिला गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर एका वेगात लांबवर नेऊन आणू लागले. रिंगा हळूहळू सुटतायत. तेल अजून पिते, पण आता पाहुण्यांसमोर घेऊन जाण्याइतकी सुधारली आहे. मामा म्हणतात, ताई, नवरा सुधारलेला पहिल्यांदाच पाहिला.

आणि परवा तू म्हणालास की ही दुसरीही पिते. आमच्याकडे दोन वेगळ्या इंजिनांत तोच दोष दिसला, तर इंजिनं बाजूला ठेवायची आणि दोघांत समान काय आहे ते शोधायचं, असं शिकवतात. तुझ्या दोन गाड्यांची कंपनी वेगळी, वय वेगळं, आधीचे मालक वेगळे. समान तू आहेस. मी वहिनीला फोन केला. गाडीचं नावही काढलं नाही, ऑफिस जवळ आहे ना गं दादाचं, लवकर येत असेल, एवढंच म्हटलं. ती म्हणाली, "येतात गं वेळेवर. खाली गाडीत बसून असतात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून गाडीचे दिवे दिसतात. दिवे बंद झाले की मी चहा टाकते, म्हणजे वर येईपर्यंत उकळतो." दूधवाला आला असं सांगावं तसं तिने सांगितलं. "तू विचारलं नाहीस का कधी?" मी तिला म्हटलं. तर म्हणाली, "विचारलं तर तेवढंही बसणार नाहीत."

दादा, तुझ्यावर नजर ठेवली असं समजू नकोस. मी गाडी तपासत होते.

पुढच्या शनिवारी मी येतेय. बसने नाही, हीच गाडी घेऊन. तिला लांबचा रस्ता हवाच आहे. येताना एकटी, जाताना बाबांना घेऊन. उन्हाळा संपेपर्यंत ते माझ्याकडे राहतील, पुढचं पुढे बघू. माझी सकाळची पाळी कायमची करून घेतली आहे. दुपारपर्यंत सोबतीला एक बाई येतील. त्यांनी स्वतःच्या सासऱ्यांचं केलंय, त्यामुळे मला समजावून सांगावं लागलं नाही, उलट त्यांनीच मला सांगितलं. खोली तळमजल्यावर आहे, न्हाणीघरात धरायला दांडे मी स्वतः बसवलेत आणि लोंबकळून तपासलेत. "तुला झेपणार नाही" हे वाक्य तू म्हणणार आहेस, ते म्हणून घे आणि मग वहिनीला घेऊन कुठेतरी फिरून ये. नव्या गाडीलाही लांबचा रस्ता लागतोच.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. परवा आपण बोलत होतो तेव्हा तू दार उघडून घरात शिरलास, आणि मागून बाबांचा आवाज आला, "एकटाच आलास? आई कुठाय तुझी?" तू म्हणालास, "येतेय बाबा, भाजी..." आणि फोनवर हात ठेवलास. पुढचं मला ऐकू आलं नाही. हात काढलास तेव्हा तू पुन्हा विनोद करत होतास. ते रोज विचारतात, हो ना? मलाही विचारतील. तू मला लहानपणापासून मोजपट्टी म्हणतोस ते खरं आहे, मला खोटं बोलता येत नाही, चेहऱ्यावर दिसतं. पण पाठ केलेलं म्हणता येईल. तेव्हा तू बाबांना नेमकं काय सांगतोस ते शब्दाला शब्द लिहून पाठव. आई कुठल्या भाजीसाठी थांबलीय, कुणाशी बोलत उभी आहे, किती वेळात येईल म्हणतोस, आणि त्यावर ते काय म्हणतात. माझ्याकडे आल्यावर त्यांना वेगळं उत्तर मिळायला नको.

तुझीच,
मोजपट्टी