कवडी अन् वेशीवरचा मारुती

मु. भातकुलीजवळ,
चैत्राचा शेवटचा आठवडा

सौ. वच्छलाबाईले तुह्या धाकट्या भावाचा, नत्थूचा दोन्ही हात जोडून नमस्कार. भाऊजींच्या पायावर डोकं ठेवतो (मनातल्या मनात, गुडघा खाली वाकू देत नाही).

तुह्या कंबरेचं कसं हाय व? मागं तू म्हणली होती का बसल्यावर बरं वाटते, उभं राहिल्यावर बरं वाटते, फक्त मधात दुखते. माह्या गुडघ्याचं उलटं हाय, मधात बरं अन् दोन्ही टोकांले बोंब. भाऊजींची शुगर, लिंबाचं लोणचं अन् त्या दोघांपायी तुमचं भांडण नेमानं चालू असनच. आमी इकडे सारे बरे आहो. तूर विकली, हरभरा घरात आला. तुही भावजय चतुरा तुले नमस्कार सांगते अन् विचारते का ऊन अकोल्यात जास्त का आमच्याइथं. मी म्हणलं, दोन्हीकडे भाकर तव्याबिगर भाजन, कायले पंचाईत करतं. फोन कावून नाही केला म्हणशील, तर ही गोठ फोनवर मावत नाही, अन् मी बोलाले लागलो का चतुरा मधात बोलते अन् शेवट आधी सांगून टाकते.

तर बाई, गोठ अशी हाय का कवडी विकाची ठरली. म्हणजे ठरलीच समज. तू तिले उलसक शिंगरू असताना पाह्यलं होतं, आता चार वर्षांची घोडी झाली. कपाळावर तोच पांढरा ठिपका, ज्याच्यावरून चतुरानं नाव ठेवलं. आपल्या शेवंतीची पोर. शेवंतीनं तालुक्यातले अर्धे नवरदेव मांडवात पोचवले (त्यातले काही आता मले ओळख देत नाहीत, पण शेवंतीच्या मानेवरून हात फिरवल्याबिगर पुढं जात नव्हते). माणसाचं लेकरू अंगणवाडीत जाते, कवडी मायच्या मागं मागं वरातीत गेली. आपल्याकडे नवरदेव आधी मारुतीले जाते, तिथी नारळ फुटते, मंग वरात पुढं सरकते. त्या नारळाची एक फोड मी शेवंतीले देत होतो अन् एक कवडीले. मोठ्या कौतुकानं देत होतो. लाडानं लेकरू बिघडते म्हणून बाबा सांगून गेले होते, पण बाबांचं तरी मी कोणतं ऐकलं!

शेवंती मागल्या साली गेली. वरातीले आता गाण्याच्या भिंती लावलेला ट्रक लागते, घोडीले कोणी विचारत नाही. कवडी तर माह्या पोट्टीचं, एकट्या आचलचं ऐकते. मी लगाम धरला का माह्याकडे असं पाहते जसा मी पावती फाडाले आलो. अन् आचल तर वैशाखात चालली. पोट्टीचं लग्न झालं का हिच्या मागं पळाचं कोणी? तुमच्या शेजारचे कमलाकांत वकील हुरड्याले आले होते (तूच धाडले होते, आठव), तवा त्यांनी कवडीले पाह्यलं अन् पाहतच राहिले. अकोल्याबाहेर त्यांचं शेत हाय, तिथी पळणारी घोडी पाहिजे म्हणे. मोठे सज्जन माणूस, पण वकील. अट घातली. जत्रेच्या शर्यतीत घोडी पहिल्यापासून शेवटपर्यंत पळाली तर तिले ते नेतीन. मी आपल्या मारुतीच्या पारावर त्यांच्या हातावर हात मारला. शब्द गेला तो गेला.

मंग सुरू झाली तालीम. आचल अमरावतीच्या कॉलेजात खेळाचंच शिकते, म्हणून तिनं कागदावर टाइमटेबल काढलं अन् कोठ्यात, कवडीच्या गव्हाणीवर चिकटवलं. दुसऱ्या दिवशी कवडीनं ते खाल्लं. पहिल्या आठवड्यात ती एसटीच्या मागं लागली. बस थांबली तर ही थांबे, बस निघाली तर ही निघे, अन् भातकुलीच्या स्टँडवर लोकांसोबत रांगेत उभी राहिली. दुसऱ्या आठवड्यात वावराच्या धुऱ्यावर शेळी दिसली. हत्तीएवढ्या ट्रॅक्टरले न भिणारी माही घोडी त्या एका शेळीले पाहून शेजारच्या देवरावच्या कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या ढिगात घुसली. देवराव म्हणला, बाहेर काढ. मी म्हणलं, तू शेळी हटव. तो म्हणला, शेळी माही नाही. शेळी कोणाचीच नव्हती. शेवटी आचलनं शेळीले भाकर टाकली, तवा सारे मोकळे झालो. डोक्यावर आचल मोटरसायकलचं हेल्मेट घालते. चतुराची अट हाय ती. हेल्मेट पियुषचं हाय (आपले होणारे जवाई, नांदगाव पेठेच्या कापडाच्या कारखान्यात आहेत), अन् डोक्यापेक्षा दोन बोटं मोठं हाय. त्याच्यापायी पोट्टीले समोरचं अर्धंच दिसते.

जत्रा शेजारच्या गावची, तिथल्या महाराजांची. जायच्या दिवशी कवडी पिकअपमध्ये चढेना. ओढलं, ढकललं, गूळ दाखवला. चार माणसं अन् एक घोडी, चौघंही घामाघूम अन् घोडी आपली शेपटीनं माश्या हाकून राहिली. मंग आचलनं मोबाइलवर वरातीचा बँड लावला. बाई, एका सुरात चढली! अन् रस्ताभर तेच गाणं लावून ठेवा लागलं, बंद केलं का पाय आपटे. आमी गावात शिरलो तर लोक रस्त्याच्या कडेले उभे राहून विचारत होते, वरात कोणाची हाय.

शर्यतीले सात घोडे. शाळेच्या मैदानातून सुटाचं अन् महाराजांच्या देवळापुढे थांबाचं. मी कमिटीवाल्याले विचारलं, रस्ता कसा हाय? तो म्हणला, एकदम सरळ. माहं तेवढ्यानं समाधान झालं. गावाच्या वेशीवर मारुती असते हे पहिलीतल्या पोट्ट्याले माहीत असते, मले साठाव्या वर्षी आठवलं नाही.

झेंडा पडला अन् कवडी सुटली. खरं सांगतो, ती जमिनीवर होती का नाही मले दिसलं नाही. आचल मानेवर वाकलेली, हेल्मेट मागं गेलेलं, वेणी सुटलेली. बाकीचे सहा घोडे धुळीत. मी अशा जोरात ओरडलो का गुडघा दुखाचं विसरला. पियुष मोबाइलवर सारं घेऊन राहिले होते. अन् तेवढ्यात वेस आली, वेशीवर शेंदूर फासलेला मारुती आला, अन् कवडी थांबली. थांबली म्हणजे खुट्यासारखी गाडली. आचल तिच्या मानेवरून घसरत कानांपर्यंत गेली अन् कानाले धरून परत आली. मागचे सहाही घोडे बाजूनं निघून गेले. कवडी मारुतीकडे तोंड करून उभी. नारळ फुटल्याबिगर वरात पुढं जात नसते, हे तिले कोणी सांगाची गरज नाही.

आचलनं टाच मारली, गोंजारलं, रडवेली झाली. म्हातारे म्हणाले, घोडी देवभोळी हाय, तिले हात लावू नका. तेवढ्यात पाहतो तर पियुष मोबाइल खिशात कोंबून पळून राहिले. हे कुठं चालले म्हणून मी पाहतच राहिलो. दुकानावरून नारळ घेऊन आले, एका चपलेनं (दुसरी रस्त्यात राहिली), अन् मारुतीपुढे दगडावर फोडला. पहिली फोड देवाले, दुसरी कवडीले. तिनं निवांत खाल्लं, मान हलवली अन् चालाले लागली. पळाले नाही हं, चालाले. वरातीची चाल, दोन पावलं पुढं अन् एक थिरकून. जत्रेच्या बँडवाल्यानं ते पाह्यलं अन् त्याले काही राहावलं नाही. त्यानं सुरू केलं. मंग काय! नवरी घोडीवर, नवरदेव पायी, एका चपलेनं, हातात अर्धा नारळ, पुढं बँड, मागं पूर्ण गाव. पियुषच्या आत्याबाई जत्रेले आल्या होत्या. मले वाटलं सोयरीक मोडते. तर त्या पदर खोचून नाचाले आल्या.

सातात सातवी आली. कमिटीनं तरी स्टेजवर बोलावलं अन् शेला-नारळ दिला. नारळ दिसला अन् कवडी स्टेजपुढून हलेना. अध्यक्षांचं भाषण तिनं पूर्ण ऐकलं. त्या गावात तेवढं कोणीच ऐकलं नसन.

तर असं हाय. घोडी देखणी हाय, पण बयाड हाय. कागद खाते, शेळीले भिते, बँडबिगर गाडीत चढत नाही, मारुती दिसला का गाडते, अन् या मुलखात मारुती नाही असं एक गाव दाखव मले. विकलेलीच बरी. भाऊजींले नमस्कार, लग्नाले आठ दिवस आधी या, कंबरेले तेल लाव.

तुहा
नत्थू

ता. क. हे पत्र कमलाकांत वकिलांच्या ओसरीत बसून त्यांले मोठ्यानं वाचून दाखव. त्यांनी भाऊजींच्या मोबाइलवर पियुषचं शूटिंग पाह्यलं, अन् ते तर वेशीच्या आधीच संपते (पियुषनी पळतानाचंच तेवढं धाडलं). तवापासून ते रविवारी गाडी धाडतो म्हणून राहिले. मी फोनवर पुढचं सांगाले गेलो तर म्हणतात, नत्थूजी, तोंडी गोष्टीला अर्थ नाही, लेखी द्या. हे घ्या लेखी. मी शब्द मोडणार नाही, पण त्यांनीच नको म्हणलं तर मारुतीसुद्धा मले दोष देणार नाही. अन् मारुतीच्या साक्षीनं शब्द दिला होता, त्यानंच घोडी अडवली, आता त्याच्यापुढे कोणतं कोर्ट हाय! फक्त माह्या सहीपर्यंत वाच. कोणी विचारलं तर सांग, काळा कोट दिसला का ती चावते. (तिनं आजपर्यंत काळा कोट पाह्यला नाही, म्हणून हे खोटं आहे असं कोणाले म्हणता येणार नाही.)

ता. क. दुसरा. हे तर बिलकुल वाचू नको. जत्रेहून आल्यावर आचलनं तिले आपल्या मारुतीपुढून पाच दिवस नेलं. खोबरं नाही, काही नाही. सहाव्या दिवशी ती पठ्ठी न थांबता वाऱ्यासारखी निघून गेली. खोड मोडली. मी त्या दिवशी दुपारी एकटाच तिले तिथी घेऊन गेलो, नारळ फोडला अन् अर्धा तिले चारला. तीन दिवस चारला. आता परत थांबते. चतुराले वाटते मी लग्नासाठी नवस बोललो.

ता. क. तिसरा. चतुरा विचारते, पोरगी गेल्यावर घोडीचं करणार काय? मी म्हणलं, काही नाही, पाहीन. तुले आठवते का बाई, तुह्या लग्नाच्या आठवड्यात बाबांनी तुही लाडकी घोडी बिजली विकली होती. मांडवपरतणीले तू माहेरी आली तवा पायावर पाणी न घेता सरळ कोठ्यात गेली. मी तुह्या मागं होतो. तू रिकाम्या खुट्याले हात लावला अन् बाहेर येऊन हसत हसत म्हणली, चहा ठेवा. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत, अन् त्यांनी शेवटपर्यंत त्या खुट्याले दुसरं ढोर बांधलं नाही. काल मी आचलले विचारलं, कवडीले विकू का व? ती खरारा करून राहिली होती. माह्याकडे न पाहता म्हणली, विका बाबा, तुमचा गुडघा दुखते. अन् एकाच जागेवर खरारा करत राहिली, करत राहिली. तूही तवा काही म्हणली नव्हती, बाई. म्हणून वकिलाले नाही, हे पत्र मी तुले लिहिलं.